नळात उतरलेली वीज

आभाळात विजा कडाडत असताना तुम्ही अंघोळ करता का? करत असाल, तर तुमच्या डोक्यावरचा शॉवर ज्या पाइपाला जोडलाय, तो पाइप पुढं कुठं जातो, हे तुम्ही कधी बघितलंय का?

हा प्रश्न मी कुंभारी रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात, बायकांच्या बाथरूमसमोर उभी राहून मॅनेजर बिराजदारसाहेबांना विचारला. ते हसले. म्हणाले, "मॅडम, प्लंबिंगसाठी नाही बोलावलं तुम्हाला. इलेक्ट्रिकलचा रिपोर्ट द्या आणि चहा घ्या."

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. सोलापुरातल्या एका छोट्या कंपनीत सेफ्टी ऑडिट करते. म्हणजे कारखान्यातलं वायरिंग, पॅनेल, अर्थिंग तपासायचं, मोजायचं आणि जे सापडेल ते लिहून द्यायचं. बिराजदारांना माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. ते त्यांनी तयारच ठेवलं होतं: "बाथरूममध्ये कोणताही विद्युत दोष आढळला नाही."

या वाक्याची एवढी घाई का होती, ते सांगते.

परतीच्या पावसाचे दिवस होते. दुपारी चारला शिफ्ट सुटली तेव्हा आभाळ काळं झालं होतं आणि गडगडाट सुरू होता. या कारखान्यात वाइंडिंगवर, म्हणजे सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर, बायका काम करतात. दिवसभर कापसाची फुई उडत असते. ती केसांत, भुवयांत, कानांत बसते. त्यामुळे बायका कारखान्यातच अंघोळ करून घरी जातात. घरी पाण्याचा भरवसा नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. कारखान्यातलं बाथरूम या बायकांनी भांडून मिळवलेलं आहे. मालकांनी मग हौसेनं रांगेत स्टीलचे शॉवर बसवून दिले.

त्या दिवशी लक्ष्मीअक्का शॉवरखाली होत्या. वाइंडिंगवरच्या सगळ्यांत जुन्या कामगार. त्यांचा हात नळाच्या कॉकवर होता. बाहेर मोठा लखलखाट झाला आणि अक्का फेकल्यासारख्या मागच्या भिंतीवर आदळल्या. शेजारच्या बायकांनी दार तोडून बाहेर काढलं तेव्हा त्यांचं अंग ताठ झालं होतं, जीभ दाताखाली आली होती. दवाखान्यात नेलं. दोन दिवसांत अक्का बसत्या झाल्या. पण तोवर कारखान्यानं निर्णय घेऊन टाकला होता: अक्कांना फिट आली.

फिट येणाऱ्या माणसाला फिरत्या मशीनजवळ उभं करत नाहीत. तो नियम बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या नियमानं अक्कांचं वाइंडिंगचं काम गेलं. अंगण झाडायचं काम घ्या, नाहीतर घरी बसा, असं त्यांना सांगितलं गेलं. अक्कांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या आहेत, आणि झाडायच्या कामाला वाइंडिंगच्या निम्मीही मजुरी नाही.

अक्का कारखान्याच्या फाटकाजवळच मला भेटल्या. हातात झाडू होता. मी इंजिनिअर आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, पण आमचं बोलणं सोलापुरी मराठीत झालं. त्या म्हणाल्या, "मला फिट न्हाय आली, मॅडम. मला नळानं मारलं. तुमी तर शिकलेल्या हाव की. बघा तरी एकदा."

बिराजदार माणूस वाईट नव्हता, आणि त्यांचा हिशेब वरवर पक्का होता. बाथरूममध्ये गीझर नाही. आत एकही वायर नाही. दिवा बाहेर, काचेमागं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या वेळी पावसामुळं सगळ्या भागाची लाइट गेलेली होती. "सप्लायच नव्हता, मॅडम. मग करंट आला कुठून? आभाळातून पडला?"

मी म्हटलं, "हो. आभाळातूनच पडला असणार."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

बिराजदारांनी तयार ठेवलेलं ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. विद्युत दोष आढळला नाही. आत वायर नाही, तर वायरिंगचा दोष कुठला असणार? शब्दाशब्दाला खरं वाक्य. आणि त्या खऱ्या वाक्यावर सही करून मी एका बाईचं काम कायमचं घालवणार होते. अशी खरी वाक्यं फार बघितली आहेत मी. कामगाराचा अपघात झाला की ती आपोआप तयार होतात.

मी आमच्या शेखसरांना फोन लावला. ते आमच्या कंपनीचे मालक आणि माझे बॉस. मी फोनवर बरंच बोलले. अन्याय, दडपशाही, बाईचं तोंड बंद करणं, असं सगळं. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बेटा, मोजलंस का काही?"

"अजून नाही."

"मग हे भाषण नंतर. रागानं लिहिलेला रिपोर्ट कपाटात जातो. आकडे लिहिलेला रिपोर्ट मालकाच्या टेबलावर जातो. तुला कुठं पाठवायचाय?"

राग खिशात घातला आणि कामाला लागले.

आधी बायकांशी बोलायचं होतं. बिराजदार सोबत होते तोवर एकही बाई तोंड उघडेना. सगळ्यांना सगळं ठीक वाटत होतं. मग मी साहेबांना म्हटलं, तुमचा तो चहा आता घेईन, जरा सांगता का? ते गेले आणि वाइंडिंगच्या हॉलमध्ये सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्या बोलण्यातून मला जे कळलं ते ऐकून मी हादरले. ढग वाजायला लागले की हा नळ चावतो, हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. कधी बोटांना मुंग्या, कधी कोपरापर्यंत झिणझिण्या. म्हणून पावसाळी हवा असली की कॉकला पदर गुंडाळून तो फिरवायचा, अशी रीतच पडली होती. नवीन बाई कामावर आली की तिला जुन्या बायका हे शिकवायच्या. ओला पदर. ओल्या कापडातून वीज आरामात जाते. पण दुसरं काही हातात नव्हतं, म्हणून त्यांनी पदराचा आधार घेतला होता.

"मग साहेबांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

एक बाई म्हणाली, "सांगितलं तर म्हंत्यात, शॉवर नको असला तर काढून घेतो."

यापुढं मला काही विचारायचं राहिलं नाही. मी गच्चीवर गेले.

गच्चीवर लायटनिंग अरेस्टर होता. तुम्ही उंच इमारतींवर तो पाहिला असेल. आभाळाकडं टोक केलेला धातूचा रॉड. वीज पडलीच तर ती या रॉडवर पडावी आणि त्याला जोडलेल्या धातूच्या पट्टीवरून सरळ खाली जमिनीत जावी, अशी ती व्यवस्था असते. जमिनीत त्या पट्टीसाठी खास खड्डा करतात. त्याला अर्थ पिट म्हणतात. विजेला दिलेला तो हक्काचा रस्ता. रस्ता पूर्ण असला तर इमारत वाचते. रस्ता अर्धा असला तर रॉड नसलेलाच बरा.

मी पट्टीचा माग काढत निघाले. रॉडपासून कठड्यापर्यंत, कठड्यावरून मागच्या भिंतीवर, भिंतीवरून खाली. बाथरूमच्या छपराच्या उंचीला पट्टी आत वळली आणि पाण्याच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्पनं जोडून संपली. क्लॅम्पभोवती भिंत काळी पडली होती. अर्थ पिट कुठंच नव्हता.

बिराजदार चहा घेऊन मागोमाग आले होते. मी त्यांना क्लॅम्प दाखवला. ते म्हणाले, "असू दे की. पाइप जमिनीतच जातो ना? लोखंड आहे, जमिनीत आहे. झालं अर्थिंग."

हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. कारखाना बांधला तेव्हा तो पाइप खरंच जमिनीत लांबवर पुरलेला होता. अरेस्टर बसवणाऱ्यानं खड्ड्याचा खर्च वाचवला आणि पाइपावर भागवलं. नियमाप्रमाणं तेव्हाही ते चूकच होतं, पण विजेला निदान खाली जायला वाट होती.

मी स्टोअरमधून पहार मागवली आणि भिंतीलगत माती उकरली. लोखंडी पाइप वीतभर खाली गेला आणि तिथं काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपात शिरला.

नळाला पाणी दिवसाआड, मग चार दिवसांआड व्हायला लागलं, तशी गावभर जी कामं निघाली, त्यातलंच हे एक. कारखान्यानं टँकरच्या पाण्यासाठी जमिनीखाली हौद आणि बाजूला एक छोटी उंच टाकी बांधली. गंजलेला जुना पाइप काढून टाकीपासून बाथरूमपर्यंत नवा प्लॅस्टिकचा पाइप टाकला. प्लंबरनं काम उत्तम केलं होतं. एक थेंब गळत नव्हता. पण प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. त्या दिवशी त्यानं पाण्याचा रस्ता जोडला आणि विजेचा तोडला, आणि हे ना त्याला कळलं, ना दुसऱ्या कुणाला.

आता चित्र बघा. वर आभाळातली वीज ओढून घ्यायला उभा केलेला रॉड. त्याला जोडलेले सगळे लोखंडी पाइप आणि स्टीलचे शॉवर. खाली जमिनीकडं जायची वाट बंद. मग वीज उतरणार कुठून? ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या, अंगावर साबणाचं पाणी असलेल्या, एक हात नळावर ठेवलेल्या बाईमधून.

त्या दिवशी वीज बहुधा जवळच कुठंतरी पडली असावी आणि तिचा छोटासा हिस्सा या पट्टीत आला असावा. सगळी वीज या रॉडवर पडली असती तर अक्का मला भेटल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी शेखसर स्वतः मोजायची साधनं घेऊन आले. मालकही आले. साठीचा माणूस, हातात गाडीची चावी, चेहऱ्यावर "लवकर आवरा". मी त्यांना बाथरूममध्ये नेलं. मीटरची लांब वायर गच्चीवर नेऊन रॉडच्या पट्टीला लावली होती. मीटर माझ्या हातात होता. दोन टोकांमध्ये धातूचा सलग रस्ता असला की हा मीटर वाजतो, एवढंच मी त्यांना सांगितलं. मग दुसरं टोक शॉवरला टेकवलं.

मीटर वाजला. पुढच्या शॉवरला टेकवलं. वाजला. रांगेतला प्रत्येक शॉवर वाजला.

मग सरांनी पाइप आणि जमीन यांच्यामधलं मोजलं. अर्थिंग चांगलं असलं तर हा आकडा अगदी लहान येतो. इथं काटा पार दुसऱ्या टोकाला गेला. रस्ता बंद.

मालकांनी शॉवरवरून नजर वर छताकडं नेली. मग बिराजदारांना म्हणाले, "अहो, म्हणजे आपण अरेस्टर बाथरूममध्ये बसवलाय की."

माझ्या रिपोर्टमधलं सगळ्यात चांगलं वाक्य ते बोलून गेले. मी ते तसंच वापरलं.

पुढची त्यांची सूचना मात्र ऐकण्यासारखी होती. "मग काढून टाका ना तो अरेस्टर. कटकटच नको." सरांनी त्यांना समजावलं की रॉड काढला म्हणून वीज पत्ता बदलत नाही. वीज पडायची तेव्हा पडेल. तिला वाट द्यायची की माणसं द्यायची, एवढंच आपल्या हातात आहे.

मी तीन गोष्टी मागितल्या. पट्टीला सरळ खाली नेऊन स्वतःचा अर्थ पिट, आणि पाइप त्याच अर्थिंगला जमिनीजवळ नीट जोडणं. हे मालकांनी तिथंच मान्य केलं. दुसरी गोष्ट, माझा रिपोर्ट दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं पाठवणं. फिट होती की नव्हती, हे ठरवणारी मी कोण? पण डॉक्टरांना तरी पूर्ण माहिती कुठं दिली होती? त्यांना फक्त "बाथरूममध्ये पडली, लाइट नव्हती" असं सांगितलं गेलं होतं. बिराजदार म्हणाले, "मॅडम, त्या विषयात कशाला जाता? खड्डा करतोय ना आम्ही?"

मी म्हटलं, "साहेब, खड्डा केला म्हणजे दोष होता हे तुम्ही मान्य केलं. दोष होता तर बाई खरं बोलत होती. आणि खरं बोलणाऱ्या बाईच्या हातात झाडू का आहे?"

शेखसर खोकले. हा त्यांचा मला थांबवायचा इशारा. पण मालक म्हणाले, "पाठवा रिपोर्ट."

डॉक्टरांनी अक्कांना परत बोलावलं, तपासण्या केल्या आणि फिटचा आजार असल्याचं काहीही दिसत नाही, मशीनवर काम करायला हरकत नाही, असं लिहून दिलं. अक्का वाइंडिंगवर परत उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. अक्कांनी पहिली कांडी भरली, काढली, माझ्याकडं बघितलं आणि दुसरी लावली. बोलायला त्यांना वेळ नव्हता.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. तिसरी गोष्ट राहिली होती.

अर्थ पिट कितीही चांगला असला तरी विजा चमकत असताना अंघोळ करायची नाही. रस्ता मोठा केला म्हणून सगळी वीज त्याच रस्त्यानं जाईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून मी मालकांना बोर्ड लावायला सांगितला होता. लावला. लाल अक्षरांत, मोठा. त्यानंतर काही दिवसांनी अर्थ पिटचं काम तपासायला गेले तर आभाळ गडगडत होतं आणि बाथरूमसमोर बोर्डाखालीच बायकांची रांग होती. रांगेत अक्कासुद्धा. हातात साबण.

मी संतापले. म्हटलं, अक्का, तुम्ही सुद्धा?

अक्का माझ्यावर उलट्या उखडल्या. "बोर्ड वाचून पाणी मिळतंय व्हय? टाकी एवढीशी. पयल्या जातील त्यांना पाणी. ढग थांबायची वाट बघत बसलो तर टाकी रिकामी. मग ही फुई डोक्यात घेऊन घरी जायचं, आणि घरी नळाला पाणी न्हाय. सांगा, काय करायचं?"

त्या बायकांना धोका कळत नव्हता असं नाही. एकीनं थांबायचं ठरवलं तर तिच्या वाटचं पाणी दुसरी घेऊन जाणार, हे त्यांना धोक्यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. एकटीनं शहाणपण करून भागत नव्हतं. थांबायचं तर सगळ्यांनी थांबायला हवं होतं.

टाकीखाली बाथरूमकडं आणि ऑफिसकडं जाणाऱ्या पाइपावर एक व्हॉल्व्ह होता. मी म्हटलं, पहिला गडगडाट ऐकला की हा बंद करायचा. पाणी टाकीत राहील. कुणालाच मिळणार नाही, म्हणजे कुणाचं जाणारही नाही. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाला की उघडायचा, आणि रांग होती तशी पुढं सुरू. अक्कांनी डोकं तिरकं करून विचार केला. म्हणाल्या, "व्हॉल्व्हला कुलूप पायजे. आणि किल्ली आमच्याकडं. वॉचमनकडं न्हाय."

बिराजदारांना ते रुचलं नाही. कारखान्याच्या पाण्याची किल्ली कामगारांकडं? मी मालकांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले की शॉवर ज्या वापरतात त्यांच्याकडंच किल्ली राहू दे. शिवाय या थांबण्यामुळं घरी जायला उशीर झाला तर गेटवर कुणाला अडवायचं नाही, हेही ठरलं.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी बिराजदारांचा फोन आला. आवाज वेगळाच. "मॅडम, काल आमच्या गच्चीवर वीज पडली. थेट रॉडवर. टोक वितळलंय. काय आवाज झाला, सगळ्या खिडक्या थरथरल्या."

मी लगेच विचारलं, "शिफ्ट सुटली होती?"

"तेव्हाच सुटली होती."

"बायका?"

"हॉलमध्ये बसल्या होत्या सगळ्या. अक्कांनी केव्हाच व्हॉल्व्ह बंद केला होता. माझ्या केबिनमधला नळसुद्धा बंद. हात धुवायला गेलो तर पाणी नाही. भांडायला निघालो होतो तेवढ्यात पडली."

मी विचारलं, अक्कांना फोन देता का?

"त्या मशीनवर आहेत," बिराजदार म्हणाले. "सुटीत करायला सांगतो."

शेखसरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, टोक बदलायचं कोटेशन पाठव. त्यांचा आनंद असाच असतो. मी मात्र त्या दिवशी ऑफिसमध्ये सगळ्यांना कडक चहा आणि पेढे दिले.

यातून मी एक शिकले. प्लंबर आपलं काम नीट करतो, वायरमन आपल्यापुरतं भागवतो, आणि माणूस मरतो तो दोघांच्या मधल्या जागेत. ती जागा कुणाच्याच कामात धरलेली नसते.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. आज संध्याकाळी आभाळ मोकळं असेल तर तुमच्या इमारतीच्या गच्चीवर जा. अरेस्टर असेल तर त्याच्या पट्टीवर नजर ठेवत जमिनीपर्यंत या. पट्टी मध्येच तुटली असेल, किंवा पाण्याच्या पाइपाला जोडली असेल, तर स्वतः हात लावू नका, लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. घरात प्लॅस्टिकचे पाइप असले तरी आतलं पाणी थोडीफार वीज वाहून नेतंच, आणि तेवढीही घातक ठरते. म्हणून ढग वाजायला लागले की अंघोळ, भांडी, कपडे, सगळं बाजूला ठेवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. आणि जिथं पुष्कळ माणसं एका टाकीवर अंघोळ करतात, अशा वसतिगृहात, कारखान्यात तुमची ओळख असेल, तर तिथं जाऊन व्हॉल्व्हची किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. ती अंघोळ करणाऱ्यांच्या हातात द्यायला लावा.